शेवटच्या ओळीत लिहिलेली खाज

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मला २९ वा आठवडा चालू आहे आणि ही माझी पहिलीच खेप आहे. तपासणीच्या खोलीत गेले की अर्धे प्रश्न आठवत नाहीत आणि उरलेले विचारण्याचा धीर होत नाही, म्हणून लिहीत आहे. दिवस गेल्याचे कळण्याआधी, पाळी चुकायच्या दोन दिवस अगोदर, पाठ दुखत होती म्हणून मी आयब्युप्रोफेनच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. त्यामुळे बाळात व्यंग राहील का, हा विचार विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी चांगली येऊनही पाठ सोडत नाही. सातव्या आठवड्यात दोन दिवस डाग दिसले होते, त्याचीही भीती वाटते. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे आणि खडा होऊ लागले, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी कोणाला न सांगता त्या बंद केल्या. हिमोग्लोबिन १०.२ आहे. डाव्या कुशीवरच झोपावे असे वाचले, पण मध्यरात्री जाग येते तेव्हा मी उताणी असते आणि मग रडू येते. बाळाने दिवसातून किती वेळा हलले पाहिजे? शेवटी शेवटी ते कमी हलते, हे खरे का? आतापर्यंत चार वेळा सोनोग्राफी झाली, ती जास्त झाली का? हात उंचावून फळीवरचे काही काढले तर नाळ बाळाच्या मानेला गुंडाळते असे सासूबाई म्हणतात, आणि पोट लहान दिसते असे सगळेच म्हणतात. पतिपत्नीचे संबंध ठेवावेत की नाही, हे मला कोणालाच विचारता आलेले नाही. संध्याकाळी पाय सुजतात. बाकी सगळे ठीक आहे. आठवडाभर रात्री तळहात आणि तळपाय फार खाजतात, पण पुरळ वगैरे काही नाही, तेव्हा ते चालायचेच.
— एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ ‘बाकी सगळे ठीक आहे’ या वाक्याच्या नंतर आलेली आहे. म्हणून हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता मी तुम्हाला त्याच दिवशी वेगळे कळवले, आणि तुम्हीही दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घेतलेत, याचे समाधान वाटते. अहवाल सामान्य आल्याचे कळवताना ‘उगीच घाबरवलेत’ असा एक टोमणाही तुम्ही मारला आहे. तो मी आनंदाने ऐकून घेते. मात्र खाजेचा विषय अजून मिटलेला नाही, हे आधी सांगणे भाग आहे.

गरोदरपणात त्वचा ताणली जाते, कोरडी पडते आणि पोटावर, मांड्यांवर, छातीवर खाज सुटते. हे अनेकींच्या बाबतीत घडते आणि त्यासाठी बहुधा साधे मलम पुरते. परंतु पुरळ नसताना तळहात व तळपाय खाजणे, ती खाज रात्री वाढून झोपमोड होणे आणि हे सारे २८ व्या आठवड्याच्या आसपास किंवा त्यानंतर सुरू होणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की आम्हाला यकृताची आठवण होते. गरोदरपणातील संप्रेरकांमुळे काही स्त्रियांच्या यकृतातून होणारा पित्ताचा निचरा मंदावतो, पित्ताम्ले रक्तात साचतात आणि खाज सुटते. आईला याचा त्रास मुख्यतः झोप न होण्याचा असतो आणि बाळंतपणानंतर तो थांबतो. चिंता असते ती बाळाची, कारण रक्तातील पित्ताम्लांचे प्रमाण लिटरमागे १०० मायक्रोमोल किंवा त्याहून वर गेले तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो आणि ३५ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास प्रसूती घडवून आणण्याचा विचार करावा लागतो. प्रमाण थोडेच वाढलेले असेल, तर तो धोका इतर गरोदर स्त्रियांइतकाच राहतो. मग तपासण्या करत राहणे आणि प्रसूतीची वेळ विचारपूर्वक ठरवणे एवढेच काम उरते.

आता तुमच्या सामान्य अहवालाविषयी. या विकारात पुष्कळदा खाज आधी सुरू होते आणि रक्तातील बदल काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतो. म्हणून खाज टिकून राहिली तर एक-दोन आठवड्यांनी पित्ताम्ले आणि यकृताच्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. दरम्यान लघवी गडद होऊ लागली, शौचाचा रंग फिकट झाला किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर तेवढेही थांबू नये. लोहाच्या गोळ्या चालू असताना शौचाचा रंग फसवा असतो, म्हणून तुम्ही लघवीच्या रंगाकडे अधिक लक्ष द्यावे.

पत्र दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आले की, ज्या गोष्टी होऊन गेल्या आणि ज्यांच्याबाबत आता काहीही करता येणार नाही, त्यांची भीती तुम्ही सविस्तर लिहिली आहे, आणि ज्या आज चालू आहेत, ज्यांवर उद्या सकाळी काही इलाज करता येईल, त्या मात्र ‘चालायचेच’ म्हणून उरकल्या आहेत. भीती आणि बेफिकिरी यांनी तुमच्याकडे जागा बदललेल्या आहेत. हे केवळ तुमच्या बाबतीत घडते असे नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या पहिलटकरणींपैकी अनेकींचे असेच होते, आणि त्याचा दोष मी त्यांच्यापेक्षा आम्हा डॉक्टरांच्या घाईला अधिक देते.

होऊन गेलेल्या गोष्टींपैकी पहिली, त्या दोन गोळ्या. पाळी चुकायच्या दोन दिवस अगोदर गर्भ म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरात नुकताच रुजलेला पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि अवयव घडवण्याची कामे त्या पेशींमध्ये अजून वाटली गेलेली नसतात. या टप्प्यावर मोठी इजा झाली तर गर्भ सहसा टिकतच नाही, आणि किरकोळ इजा झाली तर उरलेल्या पेशी ती भरून काढतात. अवयव घडण्याचा मुख्य काळ त्यानंतरचा, म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजले तर साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्यांमधला असतो. औषधांच्या बाबतीत वेळेला किती महत्त्व असते, हे जगाला एका मोठ्या दुर्घटनेतून कळले. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले थॅलिडोमाइड हे औषध झोपेसाठी घेतले जाई आणि गरोदर स्त्रियांना मळमळीवरही दिले जाई. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तेथे मागे घेतले गेले, पण त्यापायी अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक बालके हातापायांची वाढ खुंटलेली किंवा इतर व्यंगे असलेली जन्मली, असा अंदाज आहे. नंतर आयांनी गोळ्या घेतल्याच्या तारखा जुळवून पाहिल्या गेल्या तेव्हा दिसले की, गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवसांच्या अवधीत घेतलेल्या गोळ्यांनी ही व्यंगे निर्माण केली होती. तुम्ही घेतलेल्या दोन गोळ्या त्या अवधीच्या आधीच्या होत्या, आयब्युप्रोफेनचा स्वभावही थॅलिडोमाइडसारखा नाही, आणि विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत अवयव व्यवस्थित दिसले आहेत. हा विषय तुम्ही मनातून काढून टाकावा असे मी निःशंकपणे सांगते.

मात्र ‘तेव्हा चालली, मग आता का नको’ अशी समजूत करून घेऊन आज तीच गोळी घेऊ नका. विसाव्या आठवड्यानंतर या जातीच्या वेदनाशामकांचा बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो, आणि या काळातील गर्भजल हे मुख्यतः बाळाची लघवीच असल्यामुळे ते कमी होऊ शकते. तिसऱ्या तिमाहीत आणखी एक धोका असतो. बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्म होईपर्यंत उघडी राहायला हवी असते, ती या गोळ्यांनी वेळेआधी आकसू शकते. पाठ दुखली किंवा ताप आला तर पॅरासिटामॉल, कमीत कमी मात्रेत आणि गरजेपुरते, हा नेहमीचा मार्ग आहे. ताप मात्र गोळीने दबला तरी कशामुळे आला हे डॉक्टरांना पाहू द्यावे. याच्या अगदी उलट चूकही मी पाहते. फेफरे, थायरॉइड, दमा किंवा नैराश्य यांवर चालू असलेले औषध काही जणी दिवस गेल्याचे कळताच आपल्या मनाने बंद करतात, आणि मग बळावलेला आजार बाळाला त्या औषधापेक्षा अधिक घातक ठरतो. फेफऱ्यावरचे सोडियम व्हॅल्प्रोएट, मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबावरची काही औषधे ही खरोखरच टाळायची किंवा बदलायची असतात, पण तो बदल डॉक्टरांनी आणि शक्य असेल तेव्हा दिवस जाण्याआधीच करायचा असतो. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना दिवस गेले असतील तर ते तत्काळ थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. फेफऱ्याचे औषध मात्र एकदम कधीही थांबवू नये.

सातव्या आठवड्यातील डागांचेही असेच आहे. पहिल्या तीन महिन्यांत चारपैकी एका गरोदर स्त्रीला थोडाफार रक्तस्राव होतो, आणि बाळाचे ठोके दिसलेले असतील तर त्यांतील बहुतेकींचे गरोदरपण पुढे नीट चालू राहते. जे गर्भपात होतात त्यांपैकी जवळपास निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो. आईचे जिने चढणे, ओझे उचलणे किंवा रागावणे ही त्यांची कारणे नसतात. दोन दिवसांचे ते डाग आता २९ व्या आठवड्यात तुम्हाला काही सांगत नाहीत. फक्त एक गोष्ट पत्रात नाही आणि ती मला हवी होती, ती म्हणजे तुमचा रक्तगट. तो आरएच निगेटिव्ह असेल आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून २८ व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचे इंजेक्शन घ्यावे लागते, पुढे रक्तस्राव झाल्यास किंवा पोटाला मार लागल्यास आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतरही ते ७२ तासांच्या आत द्यावे लागते. तुमच्या तपासणीच्या वहीत पहिल्याच पानावर रक्तगट लिहिलेला असेल, तो आज पाहून घ्या. आणि यापुढे अंगावरून थोडेसे जरी लाल गेले, दुखत नसले तरी, त्याला सातव्या आठवड्यातील डागांचा अनुभव लावू नका. या महिन्यांतील रक्तस्राव वारेशी संबंधित असू शकतो आणि त्यासाठी तत्काळ रुग्णालयातच जावे लागते.

आता आज चालू असलेल्या गोष्टींकडे वळू, आणि त्यांत लोहाच्या गोळ्या बंद करणे हा मला सर्वांत अधिक खटकलेला भाग आहे. गरोदरपणात रक्तातील द्रव भाग जवळपास निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी मात्र त्या मानाने कमी वाढतात, त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा काही अंशी नैसर्गिकपणेच खाली येतो. हे धरूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तिसऱ्या तिमाहीत ११ ग्रॅमच्या खालचे हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. तुमचे १०.२ हे सौम्य प्रकारात मोडते, घाबरण्यासारखे नाही. पण संपूर्ण गरोदरपणात शरीराला एकूण साधारण १,००० मिलिग्रॅम लोह लागते, त्यातील मोठा वाटा शेवटच्या निम्म्या काळात लागतो, आणि नेमक्या त्याच काळात तुम्ही पुरवठा तोडला आहे. बाळ आपला वाटा बहुधा आईकडून काढून घेते, आई मात्र रिकामी होते. अगदी सुरळीत प्रसूतीतही अर्ध्या लिटरपर्यंत रक्त जाऊ शकते. पदरी साठा असलेल्या स्त्रीला ते सोसते. हिमोग्लोबिन आधीच उतरलेल्या स्त्रीला तेवढ्यानेही चक्कर, धाप आणि कधी रक्त चढवण्याची वेळ येते.

शौचाचा काळा रंग म्हणजे न शोषलेले लोह, दुसरे काही नाही. बद्धकोष्ठ मात्र खरे आहे आणि त्याची तक्रार करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की ती तक्रार डॉक्टरांकडे करावी, गोळ्यांची बाटली कपाटात ठेवून देऊ नये. लोहाचे अनेक क्षार औषधांत मिळतात आणि एक सोसला नाही तर दुसरा सोसतो. मात्रा कमी करता येते. एक दिवसाआड गोळी देण्यामागेही विचार आहे, कारण लोहाचा एक डोस पोटात गेला की शरीरात हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि सुमारे दिवसभर ते पुढच्या लोहाचे शोषण रोखून धरते. तुमच्या आकड्याला ही पद्धत पुरेल का, हे डॉक्टर ठरवतील. गोळी रिकाम्या पोटी उत्तम शोषली जाते, पण मळमळत असेल तर थोडे खाऊन रात्री झोपताना घेतली तरी चालते. न घेण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून ती निदान एक-दोन तास दूर ठेवावी आणि आंबट फळाच्या रसाबरोबर घ्यावी. पाणी, चोथायुक्त आहार आणि रोजचे चालणे एवढ्याने खडा सैल झाला नाही, तर गरोदरपणात चालणारी सौम्य रेचके आहेत, ती मागून घ्यावीत. आणि गोळी कोणत्याच रीतीने सोसली नाही, तर शिरेतून लोह देण्याचा मार्ग दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत खुला असतो. इतके पर्याय असताना कोणाला न सांगता तीन आठवडे घालवणे हे परवडणारे नाही, एवढे कठोर बोलण्याची मुभा मी घेते.

बाळाच्या हालचालींविषयी तुम्ही आकडा विचारला आहे, आणि मी तो देणार नाही. एक बाळ दिवसभर ढुशा देते, दुसरे संध्याकाळी तासभर हलून मग शांत असते, आणि दोन्ही बाळे ठणठणीत असतात. पोटातील बाळही झोपते. ती झोप बहुधा २० ते ४० मिनिटांची आणि क्वचितच ९० मिनिटांहून लांब असते. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल तर सुरुवातीच्या महिन्यांत ढुशा दबून जाणवतात. म्हणून मोजमाप दुसरीच्या बाळाशी करायचे नसून आपल्या बाळाच्या कालच्या आणि परवाच्या रीतीशी करायचे असते. हालचाली साधारण ३२ व्या आठवड्यापर्यंत वाढत जातात आणि नंतर तेवढ्याच राहतात. जागा कमी पडते म्हणून त्यांची तऱ्हा बदलते, ढुशीऐवजी वळणे आणि ढकलणे अधिक जाणवते, पण शेवटी शेवटी बाळ हलणे कमी करते हे खरे नाही. प्रसूतीच्या कळा सुरू होईपर्यंत आणि कळांमध्येही ते हलत असते. ज्या समजुतींमुळे स्त्रिया रुग्णालयात उशिरा पोहोचतात त्यांत ही समजूत मला सर्वांत घातक वाटते.

तेव्हा नेहमीपेक्षा हालचाल कमी झाली, थांबली किंवा तिची रीत एकाएकी बदलली असे वाटले, तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, रुग्णालयाशी संपर्क करावा. कामाच्या गडबडीत लक्ष नव्हते की खरेच हालचाल कमी झाली, अशी केवळ शंका असेल तर डाव्या कुशीवर शांत पडून दोन तास फक्त तिकडे लक्ष द्यावे आणि तेवढ्या वेळात दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर निघावे. शंका नसून खात्री असेल तर हे दोन तासही घालवू नयेत. गोड खाऊन किंवा गार पाणी पिऊन बाळाला ‘जागे करण्यात’ वेळ दवडू नये, आणि घरी ठोके ऐकण्याचे यंत्र असेल तर त्यावर विसंबू नये, कारण त्यात आईची स्वतःची नाडी बाळाची म्हणून ऐकू येऊ शकते. गेलात, सगळे ठीक निघाले, आणि चार दिवसांनी पुन्हा तसेच वाटले, तर पुन्हा जावे. दुसऱ्यांदा आलेल्या स्त्रीला आम्ही अधिक काळजीपूर्वक तपासतो.

झोपेच्या प्रश्नावर तुम्ही जेवढे अश्रू ढाळले आहेत तेवढे त्याला आवश्यक नव्हते. २८ व्या आठवड्यानंतर उताणे झोपल्यास गर्भाशयाचे वजन पोटामागच्या मोठ्या शिरेवर पडते आणि हृदयाकडे परतणारे रक्त, पर्यायाने बाळाकडे जाणारे रक्त, कमी होऊ शकते. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन येथील अभ्यासांत उताणे झोपी जाण्याचा आणि बाळ दगावण्याचा संबंध आढळला आहे, म्हणून कुशीवर झोपण्याचा सल्ला योग्यच आहे. परंतु त्या अभ्यासांत प्रश्न होता तो झोपी जातानाच्या स्थितीचा, कारण रात्रीतील सर्वांत दीर्घ काळ शरीर त्याच स्थितीत असते. या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात डाव्या आणि उजव्या कुशीत फरकही आढळलेला नाही. तेव्हा कोणत्याही एका कुशीवर झोपी जावे, पाठीमागे उशी लावावी, आणि जाग आल्यावर उताण्या असाल तर वळून पुन्हा झोपावे. दुपारच्या डुलकीलाही हाच नियम लावावा.

रडण्याविषयी मात्र वेगळे बोलायला हवे. अधूनमधून डोळे भरून येणे निराळे, आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, सतत भीतीने छातीत धडधडणे निराळे. जगभरात दहापैकी सुमारे एक गरोदर स्त्री अशा मानसिक आजारातून जाते, बहुधा नैराश्यातून, आणि ते हिमोग्लोबिनइतकेच तपासण्याजोगे आणि उपचार करण्याजोगे असते. तुमचे रडणे कोणत्या प्रकारचे आहे, हे पत्रावरून मला ठरवता येत नाही. तुम्हाला ते दुसऱ्या प्रकाराजवळचे वाटत असेल तर डॉक्टरांना तसे शब्दांत सांगा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर त्याच घटकेला सांगा.

सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, क्ष-किरण नसतात. हा गोंधळ जुना आहे आणि त्याला कारणही आहे. एके काळी गरोदर स्त्रियांच्या पोटाचे क्ष-किरण चित्र काढले जाई, आणि त्याचा संबंध मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाशी असल्याचे ब्रिटिश डॉक्टर ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटाच्या आतले पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिचा वापर गेली काही दशके जगभर होत आहे आणि वैद्यकीय कारणासाठी केलेल्या तपासणीने बाळाला इजा झाल्याचे आढळलेले नाही. चार वेळा ही संख्या अजिबात जास्त नाही. निव्वळ हौसेखातर बाळाचा चेहरा पाहत बसणे तेवढे टाळावे.

नाळ मानेभोवती असणे हे साधारण चार-पाच जन्मांपैकी एकात आढळते. गर्भजलात बाळ कोलांट्या घेते, तेव्हा ती गुंडाळली जाते आणि बहुतेक वेळा प्रसूतीच्या वेळी सहज सोडवलीही जाते. आईच्या हातांचा आणि नाळेचा काही संबंध नाही. सासूबाईंना हे सांगताना एवढी भर घाला की स्टुलावर चढून काही काढायला मी मनाई केली आहे, कारण पोट पुढे आल्यावर तोल खरोखरच जातो. पोट लहान किंवा मोठे हे लोकांच्या डोळ्यांनी ठरवण्याचे कारण नाही. डॉक्टर ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत फितीने मोजतात, आणि २४ व्या आठवड्यानंतर ते अंतर सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतके, दोन इकडे किंवा तिकडे, असते. तुमचे २७ ते ३१ च्या दरम्यान असेल तर ‘सगळेच म्हणतात’ याला काही अर्थ नाही. कमी भरले तर सोनोग्राफीत बाळाची वाढ पाहिली जाईल.

पतिपत्नीच्या संबंधांबाबत उत्तर थोडक्यात देता येते. वार खाली गर्भाशयाच्या मुखावर नसेल, अंगावरून रक्त जात नसेल, पाणमोट फुटलेली नसेल आणि अकाली कळांचा धोका सांगितलेला नसेल, तर संबंधांनी बाळाला काहीही होत नाही. ते गर्भजलात आणि गर्भाशयाच्या भक्कम भिंतीआड असते. इच्छा असेल तर ठेवावेत, नसेल तर नाही म्हणावे, आणि पोटावर भार येणार नाही अशी स्थिती निवडावी.

संध्याकाळी सुजणारे आणि सकाळपर्यंत ओसरणारे पाय या महिन्यांत बहुतेकींना दिसतात. परंतु चेहरा व हात एकाएकी सुजले, गोळीने न थांबणारी डोकेदुखी लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा बरगड्यांखाली दुखू लागले, तर रक्तदाब ताबडतोब मोजायला हवा. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीत प्रथिने जाऊ लागली किंवा रक्ताच्या तपासण्या बिघडल्या, तर तो केवळ रक्तदाब राहत नाही, आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळणारा आजार होतो. सुरुवातीला त्यात काहीच जाणवत नाही, म्हणून प्रत्येक भेटीत दंडाला पट्टा बांधला जातो आणि लघवी मागितली जाते. ‘आज राहू द्या’ असे त्याला कधी म्हणू नये.

पुढच्या तपासणीला जाताना एक कागद न्यावा. त्यावर पहिल्या ओळीत खाज कोणत्या तारखेला सुरू झाली आणि आज कमी आहे की जास्त हे लिहावे, दुसऱ्या ओळीत लोहाच्या गोळ्या किती तारखेपासून बंद आहेत ते, तिसऱ्या ओळीत रक्तगट, आणि बाकीचे त्याखाली. जे तोंडाने विचारता येत नाही ते लिहून कागद सरळ डॉक्टरांपुढे सरकवावा. असे कागद वाचण्याची आम्हाला सवय असते. ती तपासणी आणखी तीन आठवड्यांनी आहे असे तुम्ही अहवाल कळवताना लिहिले आहे. खाज चालू असेल तर तिची वाट पाहू नका. पहिल्या रक्ततपासणीला येत्या शनिवारी दहा दिवस होतील, तेव्हा त्याच दिवशी रक्त पुन्हा देऊन या.